वस्ताद, पीटी सर आणि ट्रेनर: बोरी अरबच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, सदस्य व ग्रामसभा,
बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

विषय: गावात व्यायाम शिकवणारा माणूस नेमताना त्याचे शिक्षण आणि त्याची पद्धत पाहण्याबाबत

व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला वऱ्हाडात चार नावे आहेत. आखाड्यात तो वस्ताद, शाळेत पीटी सर, पहाटे डांबरी रस्त्यावर पोरांना पळवतो तेव्हा भरतीवाले सर, आणि तालुक्याच्या जिममध्ये ट्रेनर. काम वरवर एकच दिसते, पण चौघे चार वेगळ्या शाळांतून आलेले असतात. वस्तादाला पठ्ठा कुस्ती मारणारा हवा असतो. पीटी सरांना साठ पोरांची रांग सरळ हवी असते. भरतीवाल्या सरांची नजर घड्याळातल्या सेकंदांवर असते, आणि ट्रेनरला या महिन्याची फी भरणारा पुढच्या महिन्यातही यायला हवा असतो. ‘पर्सनल ट्रेनर’ हे नाव या शेवटच्याला लागते. एका वेळी एका माणसाचे वय, तब्येत, काम आणि गरज पाहून त्याच्यापुरता व्यायाम आखणारा व तो करून घेणारा, असा त्याचा अर्थ. शहरात ही चैन समजली जाते. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरच्या गावाला असा खासगी ट्रेनर परवडणार नाही, पण एकेका माणसाकडे बघून व्यायाम देण्याची त्याची रीत गावाला नक्की परवडते. तिला वही, पेन आणि शिकलेला माणूस एवढेच लागते.

राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची व्यायामशाळा विकास योजना आहे. गावाचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. त्यात लोखंडाची, म्हणजे व्यायामाच्या यंत्रांची, यादी करणे सोपे असते: नग, दर, एकूण. शिकवणार कोण, हा प्रश्न यंत्रांना रंग लागून गेल्यावर निघतो, आणि तोवर त्या यंत्रांवर पोरे झोके घ्यायला लागलेली असतात.

शिकवणारा तयार कसा करायचा, याचे वऱ्हाडातले उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे आणि ते अमरावतीत आहे. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी 1914 साली तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. त्याआधी व्यायामविद्या वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जात होती, हातातून हातात. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, तोही असाच शिष्यांच्या साखळीने पुढे आला. या साखळीत विद्या टिकते, पण साखळीबाहेरच्या माणसाला ती मिळत नाही, आणि वस्तादाबरोबर काही डाव कायमचे जातात. वैद्य बंधूंच्या मंडळाने ती विद्या वर्गात आणली. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावचे शिक्षक अमरावतीला यायचे, लाठी, लेझीम, मल्लखांब, कवायत शिकायचे आणि जूनमध्ये आपापल्या शाळेत परत जायचे. आखाड्यात एक वस्ताद आयुष्यभरात दहा-वीस पठ्ठे घडवतो. इथे एका उन्हाळ्यात तेवढे शिकवणारे बाहेर पडू लागले. 1936 साली मंडळाचा संघ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेला आणि त्याने कबड्डीसारखे देशी खेळ तिथे करून दाखवले. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय 1967 पासून चालू आहे.

त्याच काळात इतर ठिकाणीही हे काम चालले होते. मद्रासला हॅरी बक यांनी 1920 साली वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम सुरू केले आणि योगाचा शरीरावर होणारा परिणाम मोजायला घेतला. मुंबई सरकारची कांदिवलीची प्रशिक्षण संस्था 1938 ची. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांत निघाला. मराठीत त्याच्या तोडीचे काम पुन्हा झालेले नाही. इथून परदेशाकडेही वाहतूक होती. आपले मुद्गल इंग्रज फौजेने उचलले आणि युरोप-अमेरिकेत ‘इंडियन क्लब’ या नावाने रुजवले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याची स्पर्धासुद्धा झाली. आज त्याच मुद्गलाला शहरी जिममध्ये नवे इंग्रजी नाव आणि वेगळी फी आहे.

आखाड्याच्या पद्धतीत एक गुण असा होता, की वस्ताद पठ्ठ्याला रोज पाहायचा. त्याचा चेहरा उतरलेला आहे, रात्री झोप नाही, खांदा चोरतो आहे, हे त्याला न सांगता कळायचे. दोषही तेवढाच मोठा होता. साचा एकच. आज शंभर बैठका, उद्या सव्वाशे. ज्याला झेपले तो टिकला, ज्याचे गुडघे गेले तो घरी बसला. त्यामुळे आखाड्यातल्या म्हाताऱ्या पहिलवानांकडे पाहून व्यायामाने माणूस ऐंशीव्या वर्षीही ताठ राहतो असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण जे मोडले ते मोजायला कोणी तिथे नव्हते.

आता कागदपत्रांविषयी. डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची, वकिलाला बार कौन्सिलची नोंदणी लागते. ट्रेनर म्हणवून घ्यायला अशी कोणतीही नोंदणी लागत नाही. बाह्या आखडलेला टी-शर्ट आणि गळ्यात शिट्टी एवढ्यावर काम सुरू करता येते. जी प्रमाणपत्रे मिळतात, ती वेगवेगळ्या कामांची असतात आणि ग्रामसभेने ती एकाच तराजूत टाकू नयेत. बी.पी.एड. ही शाळेत शिकवण्याची पदवी आहे. तिच्यात शरीररचना, खेळांचे नियम, वर्ग सांभाळणे हे सगळे येते, मात्र पन्नाशीच्या मधुमेही माणसाला व्यायाम कसा द्यायचा हे त्यात थोडकेच असते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत 1961 पासून प्रशिक्षक घडतात. तिथला डिप्लोमा एका विशिष्ट खेळाचा असतो. फिटनेस ट्रेनरचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम कौशल्य विकास योजनांखाली चालतात. अमेरिकेतल्या संस्थांची प्रमाणपत्रे शहरातल्या ट्रेनरांच्या भिंतीवर दिसतात. त्यांतल्या चांगल्या संस्था परीक्षेआधी हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला जगवण्याचे प्रशिक्षण झाले आहे का, हे विचारतात. गावासाठी हाच निकष पहिला ठेवावा. पदवी कोणतीही असो, मैदानात कोणी कोसळला तर पहिली पाच मिनिटे काय करायचे हे ज्याला हातांनी करून दाखवता येत नाही, त्याच्या ताब्यात मैदान देऊ नये. रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवला तरी ती येईपर्यंतचा वेळ मैदानातल्या माणसालाच भरून काढायचा असतो.

कागदानंतर पद्धत. ती पहिल्या दिवशीच कळते. कच्चा ट्रेनर नव्या माणसाला पहिल्या दिवशी घाम काढायला लावतो. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरता येत नाही आणि सगळे म्हणतात, सरांनी काय व्यायाम दिला! शिकलेला ट्रेनर पहिला दिवस विचारण्यात घालवतो. कॅनडात 1970 च्या दशकात तयार झालेली सात प्रश्नांची एक यादी जगभर वापरली जाते. डॉक्टरांनी हृदयाचा काही आजार सांगितला आहे का, श्रमाने छातीत दुखते का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडाचे-सांध्याचे काही दुखणे आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, अशा त्या प्रश्नांची उत्तरे हो-नाहीत येतात. एक जरी ‘हो’ आले तरी आधी डॉक्टर, मग व्यायाम.

यवतमाळ जिल्ह्यात या यादीला आठवा प्रश्न जोडावा लागतो: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? विदर्भाच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्याला आई-वडील दोघांकडून दोष मिळतो तो रुग्ण. तो बहुधा लहानपणापासून दवाखाना ओळखून असतो. ज्याला एकाकडूनच मिळतो तो वाहक, आणि वाहकाला स्वतःला काहीच जाणवत नाही. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो, सगळे करतो. पण मे महिन्याच्या उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून पळायला लावले तर अशा शरीरात लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकू शकतात, आणि ऑक्सिजन तुटलेले स्नायू विरघळायला लागतात. अमेरिकेत 2006 साली एका विद्यापीठातला फुटबॉलपटू सरावानंतर असाच गेला, आणि 2010 पासून तिथल्या वरच्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी सक्तीची झाली. वाहकाला पळू देऊ नये असा याचा अर्थ नाही. त्याला वेग हळूहळू वाढवू द्यावा, मध्ये थांबू द्यावे, पाणी द्यावे, आणि पाय लुळे पडल्यासारखे वाटतात असे तो म्हणाला तर ‘नाटक करू नको’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. भरतीच्या तयारीला लागणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीची ती आधी झालेली असावी, हा नियम ग्रामसभा एका ठरावाने करू शकते.

प्रश्न संपले की ट्रेनर माणसाला हालचाल करायला लावतो. बांबूची काठी खांद्यावर आडवी धरून खाली बसायला सांगतो. शहरातल्या माणसाच्या टाचा इथेच उचलल्या जातात, कारण त्याला खुर्चीची सवय. गावचा माणूस उकिडवा बसण्यात पटाईत असतो, तो सहज खाली जातो. त्याची खोड वर येताना दिसते. आधी कंबर वर येते, छाती मागे राहते, आणि उठण्याचा सगळा भार पाठीवर पडतो. सिमेंटची पन्नास किलोची गोणी तो अशीच उचलतो. बैठकीत सापडलेली ही चूक गोणीच्या वेळी पाठ धरवते. पाठ ताठ, वाकायचे ते कमरेतून न वाकता खुब्यातून, वजन शक्य तितके अंगाजवळ, एवढे तीन धडे त्याला पटले तर पहिल्या महिन्याची फी फिटली. जिममध्ये ज्याला डेडलिफ्ट म्हणतात, ती गोणी उचलण्याची शिस्तशीर रीतच आहे.

यानंतरचा मुद्दा शहरी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून त्यावर इथे अधिक वेळ घेणे भाग आहे. बहुतेक व्यायामाचे तक्ते दिवसभर बसून काम करणाऱ्यांसाठी बनलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला. कापूस वेचणाऱ्या बाईचे 300 मिनिटे श्रम सोमवारी संध्याकाळीच पूर्ण झालेले असतात. तिला ‘रोज अर्धा तास चाला’ सांगणे ही थट्टा आहे. तिच्या पाठीचे, मानेचे आणि मनगटांचे काम जास्त झालेले असते. पोटऱ्या आणि मांड्यांना श्रम पुष्कळ, पण वर उचलणे, मागे ओढणे, छाती उघडणे या हालचाली जवळजवळ नसतात. तिला दहा-पंधरा मिनिटे पुरतात: जमिनीवर उताणे पडून पाठ सरळ करणे, दाराच्या चौकटीला दोर बांधून तो मागे ओढणे, खांदे फिरवणे, आणि खुब्यातून वाकण्याचा सराव. त्याच गल्लीतला दुकानदार सकाळी आठपासून गल्ल्यावर बसलेला असतो. त्याला मात्र चालणे हेच औषध.

म्हणून गावचा व्यायाम शेतीच्या पंचांगावर बसवावा लागतो. जूनमध्ये पेरणी, मग निंदण आणि डवरणी, ऑगस्टपासून फवारणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाचा वेचा, आणि रब्बीचा हरभरा-गहू. फवारणीचा पंप भरला की पाठीवर पंधरा-सोळा किलो ओझे असते आणि ते घेऊन माणूस चिखलात दिवसभर चालतो. त्या संध्याकाळी त्याला वजने उचलायला लावणारा ट्रेनर दिवसभराचे काम व्यायामात धरतच नाही. फवारणीच्या दिवसांत आणखी एक काळजी आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीहून आलेल्या माणसाला मळमळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे धूसर असे काही होत असेल तर तो थकवा समजू नये; त्याला मैदानात न घेता दवाखान्यात पाठवावे. ताकद वाढवण्याचे खरे दिवस म्हणजे कामे उरकल्यावरचे, फेब्रुवारी-मार्चचे. एप्रिल-मेमध्ये रिकामा वेळ असतो, पण पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सूर्य उगवायच्या आत मैदान आटोपलेले बरे.

गावात ट्रेनरकडे खरी गर्दी होते ती पोलीस भरतीची जाहिरात आल्यावर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावणे वीस गुणांचे, आणि दोघांनाही 100 मीटर व गोळाफेक पंधरा-पंधरा गुणांची. मुलांना पूर्ण गुणांसाठी 1600 मीटर 5 मिनिटे 10 सेकंदांत संपवावे लागते. म्हणजे 310 सेकंद. चारशे मीटरच्या प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर. हा हिशेब पोरांना माहीत असतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. रोज पहाटे घड्याळ लावून 1600 मीटर जीव तोडून पळायचे, रोज कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी करायचे. पहिले तीन आठवडे वेळ उतरते. चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते. मग बर्फ, मलम, पट्टी, आणि ‘दुखण्यातूनच पळायचे असते’ हा उपदेश.

परीक्षा रोज द्यायची नसते. दम वाढतो तो सावकाश पळण्याने. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, असा तो वेग. त्यासाठी नाडी मोजायचे यंत्र लागत नाही. आठवड्यातले चार दिवस असे सावकाश धावावे, आणि फार तर दोनदा वेगाचे तुकडे घ्यावेत. उदाहरणार्थ चारशे मीटर 80 सेकंदांत, मग तीन मिनिटे चालणे, असे पाच वेळा. 1600 मीटरची पूर्ण चाचणी महिन्यातून एकदा. धावायला डांबरापेक्षा मातीचा रस्ता किंवा शाळेचे मैदान बरे, आणि धावण्याचे अंतर एकदम दुप्पट करू नये. नडगीवर बोट ठेवून एकाच ठिकाणी कळ येत असेल आणि रात्री झोपतानाही दुखत असेल, तर तो हाडाला तडा असू शकतो. तिथे मलम थांबवून एक्स-रे काढायला पाठवणे हे ट्रेनरचे काम. सहा आठवड्यांची विश्रांती पोराला जड वाटते, पण तडा गेलेल्या हाडावर पळून एक भरती गेली तर पुढच्या भरतीपर्यंत वयाची मर्यादा थांबत नाही.

मुलींच्या 800 मीटरला पूर्ण गुणांची वेळ 2 मिनिटे 50 सेकंद आहे. त्यांच्या बाबतीत घड्याळाआधी रक्त पाहावे लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला दम लागतो, ती मागे पडते, आणि ‘हिच्यात जिद्द नाही’ असा शेरा तिच्या माथी बसतो. लोहाच्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत जे सुधारते, ते शिट्टीने सुधारत नाही. मुलींच्या वेळेचा प्रश्न वेगळा. पहाटे अंधारात रस्त्यावर पळणे त्यांना जमत नाही, आणि संध्याकाळी मैदान मुलांच्या क्रिकेटचे असते. आठवड्यातले काही तास मैदान फक्त मुलींसाठी राखणे, हा ट्रेनरच्या कौशल्याचा विषय नाही. तो ग्रामसभेचाच आहे.

ताकदीच्या व्यायामाचे सूत्र साधे आहे आणि ते दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकांवर घडले. थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने गुडघे-मांड्या दुर्बळ झालेल्या सैनिकांना वजने द्यायला सुरुवात केली. त्याने आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स याने 1948 साली जी रीत मांडली ती अशी: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते ते शोधायचे, पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने दहा वेळा, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पुऱ्या वजनाने. पुरे वजन दहापेक्षा जास्त वेळा सहज उचलता यायला लागले की वजन वाढवायचे. आखाडा संख्या वाढवत नेतो, ही रीत भार वाढवते. शंभर बैठका पुऱ्या झाल्यावर दोनशेकडे जाण्याने दम वाढतो, ताकद फारशी नाही. गावात वजने नसली तरी अडत नाही. साध्या जोरात अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो. साठ किलोच्या माणसाला तो चाळीस किलोच्या आसपास पडतो. हात ओट्यावर ठेवले की भार कमी, पाय ओट्यावर ठेवले की जास्त. त्यामुळे एकाच ओट्यावर साठीतल्या काकूंचा आणि विशीतल्या पोराचा व्यायाम होतो. साठीनंतर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तोल. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने हळूच चप्पल सारणे, पायरीवर चढ-उतार, असे आठवड्यातून तीन दिवस केले तर पडून खुबा मोडण्याचा धोका कमी होतो.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते पण दंड तेवढाच राहतो, कारण आधी मेंदू स्नायूंना एकत्र कामाला लावायला शिकतो, मांस नंतर चढते. पोरांचा धीर नेमका याच वेळी सुटतो, आणि पावडरचा डबा इथेच विकला जातो. पावडर हे विष नव्हे. ती दुधापासून काढलेली प्रथिने आहेत, महाग एवढेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोला सुमारे पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने ती सत्तर ते नव्वदपर्यंत न्यावीत. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून वीस, साठ ग्रॅम तुरीच्या डाळीतून तेरा, मूठभर शेंगदाण्यांतून बारा, दोन अंड्यांतून बारा, पाव लिटर दुधातून आठ, आणि तीस ग्रॅम सोयाबीन वडीतून पंधरा. बेरीज ऐंशीवर जाते. तूर आणि सोयाबीन तर याच शिवारात पिकते. जो ट्रेनर स्वतः डबे विकतो किंवा त्यावर कमिशन घेतो, त्याचा आहारसल्ला निःपक्ष राहत नाही. नेमणूक करतानाच ही विक्री बंद करून घ्यावी. इंजेक्शनची गोष्ट मात्र वेगळी. हार्मोनच्या सुया घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे हार्मोन बनवणे थांबवते, हृदयावर आणि यकृतावर ताण येतो. अशी सुई सुचवणाऱ्याला ताकीद देऊन भागणार नाही. त्याला काढून टाकावे.

मानधन, वेळ आणि हजेरी हे व्यवहाराचे भाग थोडक्यात. पुरुष-पोरांचा वर्ग पहाटे, मुली-महिलांचा वेगळ्या वेळी, म्हाताऱ्यांचा ऊन कोवळे असताना. शिकवणाऱ्याचे मानधन यंत्रांच्या निधीतून निघणार नाही, ते लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून ठरवावे लागेल. अर्धवेळ काम असले तरी फुकटात करून घेऊ नये, कारण फुकट शिकवणारा माणूस आपली मिळकत डब्यांच्या कमिशनमधून काढतो.

नेमणुकीच्या दिवशी त्याला एक लांब वही द्यावी. माणशी दोन पाने. डावीकडे नाव, वय, दिवसभराचे काम, आठ प्रश्नांची उत्तरे, जुनी दुखापत. उजवीकडे तारीखवार काय केले, किती केले, कुठे दुखले. तीन महिन्यांनी ज्या वहीत उजवी पाने सर्वांची सारखीच दिसतील, तिथे साचा पुन्हा आला असे समजावे आणि ट्रेनरला बोलावून विचारावे. आजारांची नोंद असलेले डावे पान फक्त त्या माणसाला आणि शिकवणाऱ्याला पाहता यावे. वही कुलपात राहावी. ग्रामसभेत वाचायची ती हजेरी.

प्रत माहितीसाठी: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, यवतमाळ